पहिल्या आवृत्तीचा सुभेदार

चांदपाशाचं हसू ओळखायला बद्रीनाथला मान वळवावी लागली नाही. ते हसू आधी नाकातून यायचं, मग पोटातून, आणि मध्ये एक क्षण असा जायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, माणसाला ठसका लागला. जालना स्टेशनासमोरच्या हॉटेलात बद्रीनाथ पाठमोरा बसला होता. चहाची बशी ओठांशी नेलेली होती. मागच्या बाकावर चांदपाशा कोणाला तरी गोष्ट सांगत होता. भाषा दखनी, पण गोष्टीतली माणसं पुण्याची. "इनों पेन्शनर लोगां, दूधवाले के घर कू तोप लगाए. और तोप में बारूद के बदल क्या भरे, तो साबुदाना." आणि सगळा बाक हसला. बद्रीनाथने तेव्हा मान वळवली. चांदपाशासमोर बसलेल्या चौघांच्याही अंगात खाकी होती. बशी खाली ठेवताना चहा धोतरावर सांडला, आणि तो गरम होता हे त्याला रस्त्यावर आल्यावर कळलं.

यात भिण्यासारखं काय होतं हे कोणाला सांगायचं, तर फार मागून सुरुवात करावी लागली असती. बद्रीनाथ कारखान्याच्या वाटेने चालत होता आणि मनात ती सुरुवात पुन्हा पुन्हा करत होता, जणू पुढच्याच वळणावर त्याला ती ठाण्यात सांगायची होती. साहेब, विसूभाऊ आगटे नावाचे एक विनोदी कादंबरीकार पुण्यात होते. ते वारले. त्यांनी पाच कादंबऱ्या लिहिल्या आणि पाचही एकाच पलटणीवर. खरी पलटण नव्हे, साहेब. पुण्यातले पेन्शनर दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याविरुद्ध फौज उभी करतात, कवायत करतात, त्यांचं धोतर सुटतं, असं सगळं. मला या पुस्तकांचा नाद आहे. पहिल्या आवृत्तीचा. आणि लेखकाच्या सहीचा. इथवर तो सुरळीत यायचा. मग मनातला साहेब विचारायचा, सही कशाखाली केलेली आहे? आणि बद्रीनाथ तिथेच अडायचा. तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा.

नाद कसा लागला, ते त्याला नेमकं आठवत होतं. जिनिंग कारखान्याचा मुंबईकडचा व्यवहार त्याच्याकडे होता. रुईचे नमुने घेऊन तो वर्षातून दोनदा मनमाडमार्गे मुंबईला जायचा. अशाच एका खेपेला गिरगावातल्या दुकानात 'पेन्शनरांची पलटण' त्याने उभ्याउभ्या वाचायला घेतलं, आणि तो इतका हसला की दुकानदाराने पाणी आणून दिलं. परतताना तो मुद्दाम वाट वाकडी करून पुण्याला उतरला, टोपलीभर मोसंबी घेऊन लेखकाच्या बिऱ्हाडी गेला. आगटे त्याला वाटले होते तसे नव्हते. पोटशूळाचा माणूस, गळ्याभोवती मफलर, चेहरा उपाशी असल्यासारखा. "जालना," ते म्हणाले, "म्हणजे निजामाच्या राज्यात. तिथं लोक हसतात का?" बद्रीनाथ म्हणाला, "हसतात, पण दार लावून घेतात आधी." आगट्यांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. हसले नाहीत. मग टाक उचलून पुस्तकाच्या कोऱ्या पानावर लिहिलं: रा. बद्रीनाथ यांस आमच्या पलटणीत शिपाई नेमिले असे. खाली सही, सरसेनापती. ही त्यांची रीत होती. दारी आलेल्या वाचकाला ते पलटणीत भरती करून घेत. पुढच्या पुस्तकाला तो पुन्हा आला तर बढती. मात्र पुस्तक पहिल्या आवृत्तीचं हवं. दुसरी आवृत्ती घेऊन आलेल्याला ते सरळ म्हणत, "तुम्ही लढाई संपल्यावर आलात." बद्रीनाथ दुसऱ्या पुस्तकाला नाईक झाला, तिसऱ्याला हवालदार, चौथ्याला जमादार. दर वेळी ते पुस्तक रुईच्या नमुन्यांखाली दडपून तो सरहद्दीवरच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, शिपायासमोर उभा राहायचा. शिपाई नमुन्यांत हात घालायचा, आणि बद्रीनाथ त्याच्या बोटांकडे बघत राहायचा. त्या भीतीत मजा होती. पकडला गेला असता तर फार तर पुस्तक गेलं असतं.

पाचवं पुस्तक, 'साबुदाण्याची तोफ'. त्या खेपेला आगटे अंथरुणावरच होते. टाक बोटांत ठरत नव्हता. तरी त्यांनी अख्खं पान भरलं: रा. बद्रीनाथ यांस आमच्या पलटणीचे जालना ठाण्याचे सुभेदार नेमिले असे. शिबंदी तयार ठेवावी. दारूगोळा इकडून पाठवीत आहोत. विसूभाऊ आगटे, सरसेनापती. बद्रीनाथने विचारलं, "सुभेदारानंतर काय?" ते म्हणाले, "मग पेन्शन." त्याच थंडीत ते गेले. आता त्या हाताने नवं काही लिहिलं जाणार नव्हतं. जालन्यातल्या एका पत्र्याच्या पेटीत ती पाच पुस्तकं ओळीने उभी होती, आणि अशी ओळ अख्ख्या मुलखात दुसरी कोणाकडे नसेल हे बद्रीनाथला पक्कं ठाऊक होतं. पाचव्यातल्या पलटणीच्या नकाशात छापणाऱ्याने नदी उलटी वाहवली होती. दुसऱ्या आवृत्तीत ती सुधारली. बद्रीनाथ कधीमधी पेटी उघडून ती उलटी नदी पाहायचा आणि त्याला शांत वाटायचं.

आता आषाढ चालू होता. निजामाचं राज्य हिंदुस्थानात जाणार की नाही यावरून वर्षभर सगळं धुमसत होतं. सरहद्दीपलीकडे निजामाविरुद्ध लढणाऱ्यांचे कॅम्प पडले होते. तिथली पोरं येऊन नाकी जाळायची, तार तोडायची आणि परत जायची. इकडे निजामाच्या बाजूचे खाकीवाले रस्त्यांत फिरायचे आणि कॅम्पाशी ज्याचा संबंध त्याला घरातून उचलायचे. उचललेले काही परत आले, काही आले नाहीत. अशा दिवसांत कोणाच्या हातात तो कागद पडला, तर त्याला पुण्याचे पेन्शनर कोण समजावून सांगणार? नाव, गाव, हुद्दा, दारूगोळा, सगळं शाईत लिहिलेलं. आणि ते पुस्तक पेटीत नव्हतं. पेटीत चारच होती. पाचवं चांदपाशाच्या घरी होतं.

पुस्तक घराबाहेर द्यायचं नाही हा बद्रीनाथचा नियम होता. ज्याला वाचायचं त्याने यावं, हात धुवावेत, माजघरात बसून वाचावं. चांदपाशाही तसाच वाचायचा. तो कारखान्यातला फिटर. अंबडला मराठी पोरांत वाढलेला, त्यामुळे वाचायला अडत नसे. तेलाचे हात तो राखेने कोपरापर्यंत घासून यायचा. जिथे हसायचं तिथे हसायचा. एवढं करणारा जालन्यात दुसरा कोणी बद्रीनाथला मिळाला नव्हता. गेल्या दिवाळीत यंत्राच्या पट्ट्यात पाय सापडून चांदपाशा अंथरुणाला खिळला, तेव्हा बद्रीनाथने नियम मोडला. आजाऱ्याला विरंगुळा, असं तो दुर्गाबाईला म्हणाला होता. खरं तसं नव्हतं. ते पान कोणीतरी पाहावं, सुभेदार हा शब्द कोणीतरी वाचावा, असं त्याला वाटलं होतं. पुस्तक हातात देताना त्याने स्वतःच ते पान उघडून दिलं होतं.

घरी आल्यावर त्याने दुर्गाबाईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. निवडायची थांबली नाही. "मी म्हन्लं न्हवतं?" ती म्हणाली. "पोथी असती तर येक गोष्ट. हे हसायचं पुस्तक, आन् त्याच्यापायी लोकं घर खणून काढणार."

"कोणी खणत नाही."

"मंग घाम कामून आला तुम्हाला? त्या चांदपाशाचा मेहुणा खाकीत हाय. लालमियाँ. आख्ख्या जालन्याला ठावं हाय, तुम्हालाच ठावं न्हाई." तिने सूप आपटलं. "पेटीतली चार तरी चुलीत घाला. तुम्हाला हात लावू वाटत न्हाई तर मला द्या."

तो पेटीपाशी गेला. पहिलं पुस्तक काढलं, ते पान उघडलं, चिमटीत धरलं. कागद जाड होता, जुन्या पद्धतीचा. शिपाई नेमिले असे. त्याने पान सोडलं, पुस्तक जागेवर ठेवलं. ही चार फाडून काय होणार होतं? पाचवं बाहेर असेपर्यंत ही फाडणं म्हणजे फुकटचा तोटा. हा हिशोब त्याला बराबर वाटला. पण तो हिशोब करायला आपल्याला इतका थोडा वेळ का लागला, हेही त्याच्या मनात येऊन गेलं.

पुढच्या शुक्रवारी दुपारी तो कुंडलिकेचा पूल ओलांडून जुन्या जालन्यात गेला. चांदपाशाच्या दाराला गोणपाटाचा पडदा होता. त्याने कडी वाजवली. आतून नूरबीचा आवाज आला. चांदपाशाची बायको त्याला कधी दिसली नव्हती, आवाजच ओळखीचा. "वो नमाज कू गए, भाईसाब. बोलो क्या काम था?"

"ती किताब, भाभी. दिवाळीत दिल्ती."

आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग पडदा बाजूला झाला आणि लालमियाँ बाहेर आला. पंचविशीचा, अजून दाढीही दाट न भरलेला, खाकी सदरा कमरेपर्यंत उघडा. तो चौकटीला टेकून उभा राहिला. हातात दातकोरणं होतं. "आदाब, सुभेदार साब," तो म्हणाला.

बद्रीनाथला समोरचा पडदा, पडद्याची शिवण, शिवणीतला एक निळा दोरा, एवढंच दिसत राहिलं.

"चांदभाई पढ़ के सुनाते हमकू. बहोत हँसी आती." लालमियाँ हसत नव्हता. "तुमारी पलटन कित्ती बड़ी है?"

"सगळे पेन्शनर हायेत," बद्रीनाथ म्हणाला. आपला आवाज त्याला पलीकडच्या गल्लीतून आल्यासारखा वाटला. "म्हातारे. गोष्टीतले."

"हौ. वो तो मालूम." लालमियाँने दात कोरले, थुंकला, बद्रीनाथच्या पायाकडे पाहिलं. "किताब अभी खतम नै हुई. होंगी तो आएंगे ना, तुमारे घर कू."

तो परत आला तो पुलावरून आला की नदीतून, त्याला सांगता आलं नसतं. आएंगे ना, तुमारे घर कू. हे कोणत्या सुरात म्हटलं होतं? तो सूर त्याने मनात शंभरदा लावून पाहिला. एकदा तो थट्टेचा निघायचा, एकदा नाही. विनोद कळणारा माणूस अशी त्याची स्वतःबद्दल समजूत होती. आगट्यांच्या वाक्यात हसू कोणत्या शब्दावर बसवलंय ते तो बोट ठेवून दाखवायचा. आता एका पोराचं एक वाक्य त्याला लागत नव्हतं. आणि चांदपाशा? तो कारखान्यात रोज भेटायचा, रोजच्यासारखा बोलायचा. पुस्तकाचं नाव काढत नव्हता. बद्रीनाथही काढत नव्हता. दोघं पट्ट्याच्या घरघरीत उभे राहून पावसाचं बोलायचे. हा माणूस आपल्याला विकून राह्यलाय का, असं बद्रीनाथ त्याच्या तेलकट मनगटाकडे पाहत विचार करायचा, आणि लगेच त्याला लाज वाटायची, आणि लाज ओसरली की पुन्हा तोच विचार. श्रावण असा गेला. दारावर थाप पडली की दुर्गाबाई त्याच्याकडे बघायची आणि तो पेटीकडे. थाप दूधवाल्याची असायची, शेजारच्या साळूबाईची असायची. कोणीच आलं नाही, आणि न येण्यानेही भीती कमी झाली नाही. उलट ती घरच्या माणसासारखी झाली. तिच्या वेळा ठरल्या.

मग भाद्रपदात चार-पाच दिवसांत सगळं उलटलं. आकाशातून विमानं गेली. सोलापूरकडून, औरंगाबादकडून हिंदुस्थानची फौज आल्याच्या बातम्या येऊन धडकल्या. एका दुपारी स्टेशनावर तिरंगा चढला. खाकी सदरे विहिरींत, उकिरड्यांत सापडायला लागले. लालमियाँ नाहीसा झाला. दुर्गाबाईने कित्येक महिन्यांनी पुरण घातलं. बद्रीनाथ जेवला, हात धुतले, आणि ओसरीवर बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपले कान अजून दाराकडेच आहेत. खेड्यांतून दुसऱ्याच बातम्या येत होत्या. कोणाची घरं पेटली, कोणत्या विहिरीचं पाणी लोक पीत नाहीत. सांगणारे आवाज खाली आणून सांगायचे, आणि काही जण तर आवाज खालीही आणत नव्हते. जुन्या जालन्यातल्या गल्ल्या दिवसाही बंद होत्या. चांदपाशा कारखान्यात यायचा थांबला होता.

दिवेलागणीला मागच्या दारावर नख वाजावं तशी थाप पडली. दुर्गाबाईने कंदिलाची वात बारीक केली. दारात चांदपाशा होता. दाढी वाढलेली, डोक्यावर टोपी नाही. त्यामुळे त्याचं कपाळ नागडं वाटत होतं. काखेत धुतलेल्या फडक्यात बांधलेलं पुस्तक.

"बद्रीभाऊ, तुमची अमानत," तो म्हणाला. "पिठाच्या डब्यात ठेवल्तं. थोडं पीठ लागलं आसंल."

बद्रीनाथने ते घेतलं. वजन तेच होतं.

"लालमियाँनं ते पान बघितलं. वाचता येत न्हाई त्याला, पन शिक्का-सही म्हन्ल्यावर त्याचे डोळे चमकले. मंग मी रोज वाचून दाखवू लागलो. त्याला, त्याच्या दोस्तांना. म्हन्लं, हे हसायचं पुस्तक हाय हे येकदा डोक्यात बसलं की कोणी नेनार न्हाई. हाटेलात तुम्ही बघितलं मला. उठून गेलात. मला वाटलं, चहा सांडला म्हनून."

 आषाढापासूनचे सगळे दिवस एकाएकी बद्रीनाथसमोर उलटे उभे राहिले आणि त्याला त्यांच्याकडे पाहावेना.

चांदपाशाने घसा साफ केला. "नूरबीला घेऊन सकाळी निघतो. अंबडला मामू हायेत. वाटंत लोकं आडवून राह्यले. मी म्हन्लं…" तो थोडा हसला, नाकातूनच, पोटापर्यंत ते गेलं नाही. "ते पान चार दिवस जवळ आसतं तर. दाखवाया. सुभेदार आमचे दोस्त हायेत म्हनून."

पान. बद्रीनाथचा अंगठा फडक्यावरून पुस्तकाची कड चाचपत होता. मेलेल्या माणसाचा हात. पाचांची ओळ. आणि आपलं नाव एका खाकीवाल्याच्या घरच्या माणसाच्या खिशात सापडलं तर? हे सगळं एकदमच मनात आलं, आणि यातलं पहिलं काय आलं ते त्याला कळलं. "पुस्तक मी बाहेर देत नाही, चांदपाशा," तो म्हणाला. "तुला माहीत आहे."

"हौ. बराबर," चांदपाशा म्हणाला, आणि बाहेर झाला.

बद्रीनाथने कडी लावली. कंदील मोठा करून फडकं सोडलं. नकाशात नदी उलटी वाहत होती. पान शाबूत होतं, कोपऱ्यात पिठाचा एक ठसा. दुर्गाबाई चुलीपाशी उभी होती आणि त्याच्याकडे अशी पाहत होती की जणू घरात कोणी परका आला होता. तेव्हाच बोळातून पावलं आली. पुष्कळ पावलं, आणि काठ्या दगडाला लागल्याचा आवाज.

"कोण रे तिथं? नाव सांग."

काठी पुन्हा दगडावर आपटली.

"नाव सांग म्हन्तो."

"बद्रीभाऊकडं आल्तो," दाराला अगदी लागून चांदपाशाचा आवाज आला. तो गेलाच नव्हता. बोळाचं तोंड अडलेलं पाहून तो दारापाशीच थांबला होता.

"बद्रीनाथराव," कोणीतरी हाक मारली. "वळखता का याला?"

त्या दारावर कोणीतरी येऊन आपल्या नावाने हाक मारील, हे तो सगळा पावसाळा ऐकत आला होता. हाक आली, ती ओळखीच्या आवाजात आली. रामकिसन होता तो, आडत्याचा थोरला, दसऱ्याला सोनं द्यायला येणारा. कडीवर बद्रीनाथचा हात होता. हात वर जाईना. मग दुर्गाबाईने येऊन त्याच्या हातावर हात ठेवला आणि कडी काढली.

दारात बॅटरीचा उजेड. पाच-सात जण. चांदपाशा भिंतीला पाठ लावून उभा होता. तो बद्रीनाथकडे पाहत नव्हता, कुणाकडेच पाहत नव्हता.

"माझा माणूस हाय," बद्रीनाथ म्हणाला.

"याचा मेहुणा खाकीत व्हता."

"होता. हा माझ्या हाताखाली होता." हे आपण काय बोलतोय हे त्याला ऐकू येत होतं, पण थांबायची जागा मागे गेली होती. त्याने पुस्तक उघडून बॅटरीच्या उजेडात धरलं. रामकिसनने ओठ हलवत वाचलं. ठाण्याचे सुभेदार. शिबंदी. दारूगोळा. वाचून झाल्यावर त्याने पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग काठी या हातातून त्या हातात घेतली.

"आम्हाला म्हाईतच न्हवतं," तो म्हणाला. "जालन्यात आपलं ठाणं हाय आन् तुम्ही… घरात बसून, कोणाला कळू न देता…"

बद्रीनाथने पान धरलं आणि ओढलं. जुना जाड कागद शिवणीपाशी सरळ फाटला नाही. त्याने ते चांदपाशाच्या हातात दिलं. "सकाळी अंबडच्या वाटेला कोणी अडवलं तर दाखव." चांदपाशाने कागद घेतला, घडी केली, सदऱ्याच्या आत सारला. रामकिसनने दोघांना बाजूला केलं. चांदपाशा त्या फटीतून बोळात गेला. पुलाकडे वळला. पळाला नाही.

बद्रीनाथ दार लावायला वळला. पण माणसं हलली नव्हती. ती ओळीत उभी राहिली होती, काठ्या सरळ धरून. त्यांच्यातल्या सगळ्यात मागच्याने टोपी नीट केली.

"सुभेदारसाहेब," रामकिसन म्हणाला. त्याच्या आवाजात थट्टा शोधायची बद्रीनाथने फार कोशिश केली. ती कुठेच नव्हती. "तुमच्यासारखं कोणी सांगणारंच न्हवतं आम्हाला. आता बोला. आज रातच्याला कोन्त्या गल्लीत जायचं?"

कंदिलाची काच तडतडली. बद्रीनाथच्या एका हातात पुस्तक होतं, पुठ्ठ्यापाशी उसवलेलं.

"घरी जा," तो म्हणाला. "सगळ्यांनी आपापल्या घरी जायचं."

कोणी हसलं नाही, कोणी हललं नाही. एवढ्यावर हुकूम संपला असं त्यांना वाटलंच नाही. ते तसेच, त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहिले.